कृपाबाईंचे चौऱ्याहत्तर ठोके

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात उडदाच्या शेंगा निवडत होतो. "याकोबभाऊ, एकतीस वर्षं चर्चची घंटा वाजवली तुम्ही. त्यातल्या गमतीजमती लिहून द्या आमच्या दिवाळी अंकाला." गमती आहेत, नाही असं नाही. पण मी त्यांना तिथंच सांगून टाकलं की गमती लिहीन तर बाकीचंही लिहीन, आणि बाकीचं छापायचं नसेल तर गमतीही छापू नका. ते म्हणाले, बरं. आता बघू त्यांचं बरं किती टिकतं ते.

नागभीडपासून थोडं आत आमचं गाव. चारी बाजूला धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. गोऱ्या मिशनरी साहेबांच्या काळात बांधलेलं दगडी चर्च आहे. चर्चचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि त्यांनी ओळखावं अशीच माझी इच्छा आहे.

हजेरीच्या वहीत माझा हुद्दा 'सेवक' असा होता. गाव मला घंटावाला म्हणे. झाडणं, बाकं पुसणं, प्रभुभोजनाच्या मेजावर पांढरं कापड अंथरणं, मनोऱ्यातली वटवाघळं हाकलणं, आणि घंटा. घंटा वाजवणं म्हणजे दोर ओढणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. एकदा ओढून बघा म्हणावं. पहिल्या आठवड्यात त्या दोरानं मला दोनदा उचलून भिंतीवर आपटलं होतं.

आमच्या घंटेला दोन दोर. जाड दोर अंबाडीचा, तो अख्खी घंटा झुलवतो. रविवारी, लग्नाला आणि नाताळात तोच वापरायचा. बारीक दोर नुसत्या लोलकाला बांधलेला. तो ओढला की घंटा जागची हलत नाही, लोलक एका बाजूला लागतो आणि एकच ठोका पडतो. तो मयतीचा. माणूस जितक्या वर्षांचा तितके ठोके, आणि प्रत्येक ठोक्याचा आवाज पुरता विरू द्यायचा, मगच पुढचा. मोजण्यात चूक होऊ नये म्हणून मी चिंचोके वापरत असे. वय विचारून घ्यायचं, तेवढे चिंचोके डाव्या खिशात घालायचे, आणि दर ठोक्याला एक उजव्या खिशात टाकायचा. डावा खिसा रिकामा झाला की माणसाचं आयुष्य संपलं.

मयतीचा आणखी एक नियम होता. पेटी चर्चच्या फाटकापाशी आली की खाली टेकवायची आणि शेवटचा ठोका विरेपर्यंत उचलायची नाही. ऊन असो, पाऊस असो. हा नियम कुठल्या शास्त्रात लिहिलेला नाही, पण आमच्या गावात तो शास्त्राइतकाच पक्का. फाटकासमोर रहीमभाईंचं शिलाईचं दुकान. ठोके सुरू झाले की तेसुद्धा मशीनवरचा पाय काढत आणि मोजत बसत. त्यांचं मोजणं कधी चुकलं नाही. माझं दोनदा चुकलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला येऊन सांगितलं.

आता गंमत म्हणाल तर शमुवेलकाकांची. रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झालेले, वय एक्याऐंशी. एके दुपारी काठी टेकत आले आणि पायरीवर बसले.

"याकोब, मी मेल्यावर माही घंटा साऱ्या गावाले ऐकू येईन. मलेच नाई येनार. हा कोन्ता न्याय हाय बापा?"

मी म्हटलं, "काका, तशीच रीत हाय."

"रीत गेली खड्ड्यात. वाजव. मले ऐकायची हाय."

मी तेव्हा तिशीतला, अक्कल कमी. एक्याऐंशी चिंचोके मोजले आणि वाजवली. काका पायरीवर बसून, डोळे मिटून, खिशातले फुटाणे खात ऐकत होते. साठाव्या ठोक्याला गाव जमायला लागलं. कोणी हार घेऊन आलं, कोणी पेटीवाल्या सुताराकडे पळालं. त्यांची सून ऊर बडवत फाटकातून आत आली, तर सासरे फुटाणे खात बसलेले. मग जे रडणं होतं त्याचं काय झालं ते विचारू नका. तेवढ्या गोंधळात काका मला म्हणाले, "बाकी ठीक हाय, पन पन्नासच्या पुढं तू घाई करून राह्यला." तेव्हाचे पाळकसाहेब म्हातारे होते, भले होते. ते पोट धरून हसले आणि पुढच्या रविवारी मला मंडळीसमोर उगाच थोडं रागावले. दोन वर्षांनी काका खरंच गेले, तेव्हा पन्नासच्या पुढं मी अगदी सावकाश वाजवली.

असे पाळक होते आमच्याकडे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की याकोबला चर्चचाच तिटकारा आहे. त्या दगडांत माझं आयुष्य गेलंय. तिटकारा मला कशाचा आहे ते आता ऐका.

कृपाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावरही जवळच्या गोंडटोलीतून, म्हणजे गोंडांच्या वस्तीतून, बोलावणं आलं की पिशवी घेऊन निघायच्या. माझी दोन्ही लेकरं त्यांच्याच हातावर जन्मली, आणि गावातली निम्मी तरी. चर्चात तिसऱ्या बाकावर खिडकीशी त्यांची जागा. त्यांच्या शेजारी सुवार्ता बसायची. बोर्डिंगात वाढलेली पोरगी, मागेपुढे कोणी नाही, गाण्याच्या पथकात पहिला आवाज तिचा.

सुवार्ताला दिवस गेले. मुलगा कोण ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी थोरल्या पंचांचा मुलगा. लग्नाचं वचन देऊन बसला होता, आणि हे कळल्यावर महिन्याभरात त्याची सोयरीक दुसरीकडे जमली. कृपाबाईंनी पोरीला आपल्या घरी आणलं. तिथंच बाळंतपण झालं, मुलगी झाली. मग त्या बाप्तिस्म्यासाठी पाळकांकडे गेल्या. हे पाळक नवे, बदलून आलेले. मी तेव्हा कचेरीत कपाटं पुसत होतो, म्हणून ऐकलं.

पाळक म्हणाले, "पंचांनी ठरवलंय. सुवार्तानं उपासनेत मंडळीसमोर उभं राहून आपलं पाप कबूल करायचं. मग लेकराचा बाप्तिस्मा होईल."

"आन पोट्टा कवा उभा राह्यते?" कृपाबाईंनी विचारलं.

"त्याच्याविरुद्ध काही सिद्ध झालेलं नाही, बाई."

"लेकरू काय हिनं एकटीनं केलं काय, साहेब?"

साहेबांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला.

त्या रविवारी सुवार्ताला उभं केलं. बावीस वर्षांची पोरगी, अजून बाळंतपणातून नीट उठली नव्हती. पहिल्या बाकावर थोरले पंच आणि शेजारी कडक इस्त्रीच्या कपड्यात त्यांचा मुलगा. पोरीच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि मंडळी शांतपणे वाट बघत होती. कोणी उठलं नाही. मीही नाही. मग कृपाबाई उठल्या. लेकरू काखेत घेतलं, पोरीचं मनगट धरलं, आणि पहिल्या बाकाकडे बघत म्हणाल्या, "ज्याची लाज त्यानं उभं राहा. आम्ही चाललो." मी दाराशी होतो. मी दार उघडलं. एवढंच मी केलं, आणि कितीतरी दिवस मला वाटत होतं की मी फार मोठं काम केलं.

घरी जाऊन त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं स्वतःच लेकराचा बाप्तिस्मा केला. पंचांनी बैठक घेतली आणि बाईंचं नाव सभासदांच्या वहीतून कमी केलं. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटातूनही काढलं. मी हळहळलो तर बाई म्हणाल्या, "वरच्या गटातून काढून दाखव म्हना." आणि खळखळून हसल्या.

गाव म्हणू लागलं, कृपाबाईनं धर्म सोडला. हिंदू शेजारीही विचारायचे, आता काय बाई, देव बदलला काय? त्या सांगायच्या, "चर्च सोडलं बावा. येशू नाई सोडला. तो काय त्या इमारतीत कोंडून ठेवला हाय?" रविवारी त्यांच्या ओट्यावर पाचसहा जणी जमायच्या. सुवार्ता गायची, बाई वाचायच्या. घड्याळ नव्हतं, उपासनेआधीच्या घंटेचा माझा तिसरा गजर झाला की त्या सुरू करत. एकाच घंटेवर गावात दोन उपासना चालायच्या. पंचांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला घंटेची वेळ बदलायला लावली. वीस मिनिटं आधी वाजवली. बाईंनीही वीस मिनिटं आधी सुरू केलं. आणि मी मूर्ख, मनातल्या मनात खूश होत होतो.

एकदा पिशवी घेऊन टोलीवर निघाल्या होत्या, फाटकापाशी थांबल्या. "याकोब, माह्या वेळेस वाजवशीन ना?"

"काऊन नाई वाजवनार? हे काय इचारनं झालं बाई?"

"नाई, नाव कापलं ना माहं."

"नाव त्याईच्या वहीतलं. दोर माह्या हातात हाय."

असं बोललो मी. ऐटीत बोललो. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तोंडून निघालेला सगळ्यात मोठा शब्द तो.

जंगलात मोहाची झाडं फुलायला लागली होती तेव्हा त्या गेल्या. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून ओट्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षं. मी चिंचोके मोजून डाव्या खिशात घातले आणि मनोऱ्याकडे निघालो. दारात पाळक उभे होते.

"याकोब, घंटा वाजणार नाही. त्या सभासद नव्हत्या. कबरस्तानातही जागा नाही, तसं त्यांच्या माणसांना कळवलंय."

"साहेब, तिच्या हातानं अर्धं गाव जन्मलंय."

"नियम मी केलेला नाही." मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्या रूथची तिसरी पुकार येत्या रविवारी आहे ना?"

बाहेरच्यांना समजायला हवं म्हणून सांगतो. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चात पुकार होते, की अमुकचं तमुकशी लग्न ठरलं आहे, कोणाची हरकत असेल तर सांगा. तिन्ही पुकारा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. माझ्या रूथच्या दोन झाल्या होत्या. व्याही कट्टर चर्चवाले. तिसरी अडली असती तर सोयरीक मोडली असती. पाळकांनी धमकी दिली नाही हो. नुसती आठवण करून दिली. असल्या माणसांचा मला राग येतो, अजूनही येतो, भाकर तोडताना मधेच आठवतं आणि घास कडू होतो.

जागेचा प्रश्न गोंडटोलीनं सोडवला. तिथल्या म्हाताऱ्या पाटलानं सांगितलं, "आमच्या वावराच्या धुऱ्यावर आना. बाई आमची हाय." धुरा म्हणजे शेताचा बांध. टोलीकडे जायचा रस्ता चर्चच्या फाटकावरूनच जातो. दुपारी चारच्या सुमाराला पेटी आली. उचलणारे चौघं, मागे पन्नाससाठ माणसं, सुवार्ताच्या कडेवर तिची पोरगी. फाटकापाशी आले आणि रीतीप्रमाणे त्यांनी पेटी खाली टेकवली.

आणि थांबले.

मी फाटकाच्या आत उभा होतो. खिशात चौऱ्याहत्तर चिंचोके. मनोऱ्याचं दार वीस पावलांवर, किल्ली कमरेला. सगळे मनोऱ्याकडे बघत होते, मग हळूहळू माझ्याकडे. सुवार्ता तर पहिल्यापासून माझ्याकडेच बघत होती. रहीमभाईंनी मशीन थांबवून ठेवली होती. ते दुकानातून उतरून आले आणि हळूच म्हणाले, "क्या हुआ याकोबभाई? घंटा खराब हाय काय?"

मी म्हटलं, "हो. खराब हाय. दोर तुटला."

साफ खोटं. बाईंच्या पेटीसमोर उभं राहून, दोर शाबूत असताना. रहीमभाई मान हलवून परत गेले. चौघांनी पेटी उचलली. सुवार्ता माझ्यासमोरून गेली तेव्हा मी जमिनीकडे बघत होतो.

रविवारी तिसरी पुकार झाली. रूथचं लग्न झालं, पाळकांनी छान आशीर्वाद दिला, मी जाड दोर ओढून गाव दणाणून सोडलं. ते चिंचोके मी टाकले नाहीत. एका डब्यात घालून देवळीत ठेवले. बायको म्हणाली, फेका ना ते. मी तिच्यावर खेकसलो. पुढचे पाचसहा महिने मी घंटा वाजवत राहिलो आणि स्वतःचं तोंड आरशात बघायचं टाळत राहिलो. उपासनेत प्रेमावर प्रवचन चाललेलं असायचं आणि मला वाटायचं, उठावं आणि सगळी बाकं उलटी करून टाकावी.

पोळ्यानंतर थोरले पंच वारले. वय एकोणसत्तर. मंडळीनं मोठा मंडप घातला, बाहेरगावचे पाळक आले. मी एकोणसत्तर चिंचोके मोजून डाव्या खिशात घातले. डब्यातलेही घेतले, ते वरच्या खिशात. ठरवून केलं असं म्हणणार नाही. पण चिंचोके काही आपल्या पायांनी खिशात येत नाहीत.

पेटी फाटकापाशी टेकली. मी मनोऱ्यात शिरलो, दाराला आतून कडी घातली आणि बारीक दोर धरला. मनोऱ्याच्या झरोक्यातून फाटक दिसतं. एकोणसत्तर ठोके वाजवले, एकही उणा नाही की घाईचा नाही. माणूस कसाही असो, त्याचे ठोके त्याला मिळाले पाहिजेत. शेवटचा ठोका विरला. उचलणारे वाकले.

मी एक श्वास घेतला, वरच्या खिशात हात घातला, आणि पुन्हा एक ठोका दिला.

उचलणारे तसेच थबकले. दुसरा. तिसरा. त्यांनी पेटी पुन्हा टेकवली. घंटा चालू असताना पेटी उचलत नाहीत. दहाव्याला दारावर थापा पडायला लागल्या.

"याकोब! चुकलास! वय एकोणसत्तर आहे!"

"माहीत हाय साहेब. त्याईचे झाले."

"मग हे कोणाचे?"

मी पुढचा ठोका दिला. मोजताना बोललं की चुकतं. बाहेरून दार ढकलत होते, पण गोऱ्या साहेबांच्या काळातलं सागवान आहे ते. झरोक्यातून दिसत होतं, बायका एकमेकींकडे बघत होत्या. तिसाच्या पुढे कधीतरी एका म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "कृपाबाईचे हायत. तिचे राह्यले होते." मग एकेकीचा पदर डोक्यावर गेला. बाईंच्या हातावर जन्मलेले कितीतरी पुरुष त्या गर्दीत होते, त्यांनी टोप्या काढल्या.

आणि पेटीच्या उशाशी पंचांचा मुलगा. त्याला हलता येईना, कारण बाप तिथं होता. बसता येईना, कारण घंटा चालू होती. सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती, आणि ठोके कशासाठी पडताहेत हे त्यातल्या प्रत्येकाला कळलं होतं. ज्या मंडळीसमोर सुवार्ताला उभं केलं, त्याच मंडळीसमोर तो चौऱ्याहत्तर ठोके उभा राहिला. मान खाली घालून. मी एकेक ठोका पुरता विरू दिला. पन्नासच्या पुढं तर अजिबात घाई केली नाही.

संपल्यावर कडी काढली. पाळक काही तरी बोलत होते, बडतर्फ, कारवाई, असले शब्द. मी आत गेलो, प्रभुभोजनाच्या मेजावरच्या पांढऱ्या कापडावर किल्ल्या ठेवल्या आणि बाहेर पडलो. आता त्या मनोऱ्यावर भोंगा बसवलाय, रेकॉर्ड केलेली घंटा वाजते. माझंही नाव वहीतून कमी झालंय, गटातूनही.

फाटकाबाहेर रहीमभाई दुकानाच्या पायरीवर उभे होते. "एकसौ त्रेचालीस," ते म्हणाले. "दुरुस्त झाली काय घंटा?"

"झाली," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.

तिथून सरळ कृपाबाईंच्या घरी गेलो. सुवार्ता ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती. मला वाटलं होतं ती उठेल, हात धरेल, काका म्हणेल. काका म्हणाली, पण हात सुपावरून काढला नाही.

"चौऱ्याहत्तर. बरोबर वाजवले, काका. इथी बसून मोजले म्या."

मी उभा राहिलो.

"पन बाई फाटकापाशी थांबली होती, त्या दिवशी. तवा काऊन नाई?"

"रूथचं लगन होतं पोरी."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मले उभं केलं तवाबी सगळ्याईचं काही ना काही होतंच," ती म्हणाली.

पाळकांवर रागावता येतं, मेलेल्या पंचांवर, त्यांच्या मुलावर रागावता येतं, आणि मी रागावतोही. पण तिच्या त्या वाक्यापाशी आलो की राग सगळा माझ्याकडेच वळतो. बाई चांगली सात-आठ मिनिटं फाटकापाशी थांबल्या होत्या, आणि किल्ली माझ्या कमरेला होती.

सुवार्तानं सूप बाजूला ठेवलं, सतरंजी आणून पसरली आणि म्हणाली, "बसा. सांजच्या प्रार्थनेची वेळ झाली."

दर रविवारी मी त्याच सतरंजीवर बसतो. तिनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलेलं नाही, आणि तिनंही सांगितलेलं नाही.